मदत हवी आहे : 'स्टंट्स'चा जुना खोका सापडलाय, किंमत कशी ठरवू?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा. मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने आणलेला 'स्टंट्स' या कार रेसिंग गेमचा मूळ खोका परवा माळ्यावर सापडला. ब्रॉडरबंड कंपनीने काढलेला, 1990चा, डॉसवर (विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीवर) चालणारा. लूपमधून गाडी उलटी न्यायची, स्वतःचा ट्रॅक बांधायचा, तोच! (बनवणाऱ्या डिस्टिंक्टिव्ह सॉफ्टवेअरला पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतलं. म्हणजे त्यांच्याच 'नीड फॉर स्पीड' या गाजलेल्या रेसिंग गेमचं हे आजोळच.)

खोक्याचा एक कोपरा दबलाय. मॅन्युअल मात्र शाबूत आहे, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच. कारण गेम त्यातला शब्द विचारतो, चुकला तर शर्यत सुरू होते न होते तोच संपते.

अडचण गेम ज्यांवर आहे त्या फ्लॉप्यांची. आपला पाऊस ठाऊकच आहे, कपाटातल्या चपलासुद्धा सोडत नाही. एका साडेतीन इंची फ्लॉपीचं शटर सरकवलं तर चकतीवर पांढरी बुरशी! ड्राइव्हमध्ये घातली नाही, बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागली तर चकतीच ओरबाडायची.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाने पाचशे रुपये सांगितले. ईबेवर लोक मागतात ते आकडे बघून डोळे फिरतात, पण मागणं वेगळं नि विकलं जाणं वेगळं.

तर, फ्लॉपी वाचली जात नसेल तर किंमत कितीने उतरते? बुरशी साफ करून फ्लॉपीची इमेज (म्हणजे फाइलच्या रूपात हुबेहूब प्रत) काढून देणारं गोव्यात कोणी आहे का? पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही. आणि कोपरा चिकटवू की तसाच ठेवू?