मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइट, खरे तास किती धरायचे? मदत हवी आहे

मंडळी, आई पहिल्यांदाच एकटी जाणारे, मुंबई ते जेएफके नॉनस्टॉप, १० नोव्हेंबरची. तिकिटावर सुटायची वेळ रात्री १:३० आणि पोचायची त्याच दिवशी सकाळी ६:५५, ते बघून आई म्हणे साडेपाच तासात अमेरिका, मग डबा कशाला! नोव्हेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, म्हणजे जवळपास १६ तास होतात, इथवर हिशोब लागला. पण डिस्टन्स कॅल्क्युलेटरवर अंतर साधारण १२,५०० किमी येतं, ताशी ९०० ने भागलं तर १४ तास. जाताना वारा समोरून असतो आणि पाकिस्तानवरून जाता येत नसेल तर वळसा पडतो हे माहितीये, पण दोन तासांचा फरक तेवढ्यानेच पडतो की रनवेवर थांबण्याचा वेळही त्यात धरलेला असतो? कस्टमर केअरला दोनदा फोन केला, तिकिटावरचंच वाचून दाखवलं.

एवढं खोदून विचारतोय कारण आईला इन्सुलिन आहे, डॉक्टर म्हणाले घड्याळ बघू नका, दोन डोसमधले तास मोजा आणि जेवण कधी मिळणार ते आधी विचारून घ्या. तिकीट बदलायचं नाहीये, व्हीलचेअर सांगून ठेवलीये, डायबेटिक मीलही.

तर हल्ली या रूटने कोणी गेलं असेल तर सांगा, दार बंद झाल्यापासून उतरेपर्यंत प्रत्यक्ष किती तास लागले आणि पहिलं न् दुसरं जेवण सुटल्यापासून किती तासांनी आलं?