वडिलांच्या मांड्या बारीक होत आहेत. ७२ व्या वर्षी स्नायू वाढू शकतात का?

नौपाडेकर
माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. मधुमेह नाही, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे आणि रोज पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारण्याचा त्यांचा नेम कित्येक वर्षांत चुकलेला नाही. असे असूनही गेल्या वर्षभरात त्यांच्या मांड्या नजरेत भरण्याइतक्या बारीक झाल्या असून, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि ठाणे स्थानकाचा पूल चढताना ते कठडा सोडत नाहीत. शेजारचे काका म्हणतात की या वयात वजने उचलली तर गुडघे कायमचे जातील. चालणे पुरेसे नाही का?

नेरूळची फिजिओ
चालणे हृदयासाठी उत्तम आहे. परंतु सपाट रस्त्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडणारा भार इतका थोडा असतो की त्यांना वाढण्याचे कारणच उरत नाही. वयोमानाने आधी झिजतात ते झटकन जोर लावणारे तंतू, जे उठताना आणि जिना चढताना कामी येतात. म्हणूनच तासभर चालणारा माणूसही खुर्चीत अडकतो.

स्नायू वाढतात का, याचे उत्तर १९९० मध्येच मिळाले आहे. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांकडून देखरेखीखाली, आठवड्यातून तीन दिवस, पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ९ टक्केच वाढले. हा फरक लक्षात ठेवा, कारण सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्था आहेत तेच तंतू अधिक चांगले वापरू लागल्याने येते.

गुडघ्यांविषयी काकांची भीती बहुधा उलटी आहे, कारण मांडी दुबळी झाली की तिने पेलायचा भार सांध्यावर येतो. मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि गुडघ्याला सूज असेल किंवा छातीत दुखत असेल तर थांबा.

वाशीच्या आजी, वय ६९
मी दीड वर्षापूर्वी खुर्चीवर उशी ठेवून, हात न लावता उठण्याबसण्यापासून सुरुवात केली. दहा वेळा सहज जमू लागल्यावर उशी काढली आणि नंतर नातवाच्या दप्तरात पाण्याची एक बाटली घालून ते छातीशी धरू लागले. आता दप्तरात तीन बाटल्या असतात. वजन वाढवत न्यायचे, हेच यातले मर्म आहे, नाहीतर शरीर सरावते आणि वाढ तिथेच थांबते. पहिला महिनाभर मी टेपने मांडी मोजून स्वतःला उगीच छळले.

आहाराकडेही पाहा. आमच्याकडे चातुर्मासात साबुदाण्याचा सुकाळ असतो आणि त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. मी आता रोज उसळ, दही आणि पनीर ठरवून खाते.

घोडबंदरवासी
वरील सल्ल्याला दोन पुरवण्या जोडतो. वृद्धांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात, परंतु मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे, तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. रक्तदाब असल्याने जोर लावताना श्वास रोखू देऊ नका. उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतर ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल सावरण्याचा किमान तीन दिवस सुचवते.

नौपाडेकर
सर्वांचे आभार. डॉक्टरांनी परवानगी दिली असून क्रिएटिनिनही ठीक आले. काल खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, तेव्हा बाबा हात न टेकता सहा वेळा उठले आणि सातव्या वेळी मांड्या थरथरल्याने थांबले. मधला एक दिवस विश्रांती देऊन उद्या पुन्हा करणार आहोत. तलावपाळीच्या फेऱ्या चालूच राहतील, कारण त्या सोडायला ते तयार नाहीत.