शिक्षकांची अपेक्षा मुलांपर्यंत पोचते कशी? (अनुभव धागा)

'हिला जमेल', 'याच्याकडून काही व्हायचं नाही' असं शिक्षक तोंडावर क्वचितच म्हणतात. तरी मुलांना ते बरोब्बर कळतं. कसं कळतं, त्यासाठी हा धागा.

रोझेन्थाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अनेकांनी बीएडला अभ्यासला असेल. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं, चाचणीनुसार ही मुलं यंदा झेप घेणार आहेत. प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली. वर्षअखेरीस पहिली-दुसरीत या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा बराच जास्त वाढलेला दिसला, वरच्या इयत्तांत मात्र नाही. त्यावर टीकाही भरपूर झाली आणि पुढच्या अभ्यासांत परिणाम सरासरीने लहानच निघाला. पण वर्गात बसलेलं मूल सरासरी नसतं, म्हणून तुमचं ऐकायचंय. शाळेचं, शिक्षकांचं नाव नको. नेमकं काय घडलं ते लिहा.

अभियंता, 'ढ' मुलांच्या बाकावरून
सातवीपर्यंत गणिताच्या तासाला बाईंची नजर माझ्यावरून पुढे सरकायची. आठवीत नवे सर आले. फळ्यावर समीकरण लिहून त्यांनी मला उठवलं. मी गप्प. मागून 'सर मी, सर मी' सुरू झालं. सरांनी हातानेच सगळ्यांना खाली बसवलं आणि खडू माझ्यापुढे धरून उभे राहिले. "आधी क्ष एका बाजूला आण. पुढचं मग बघू." मी तेवढं केलं. मग पुढची पायरी, मग त्याच्या पुढची. शेवटी चिन्ह बदलायचं राहिलं आणि उत्तर चुकलं. त्यांनी त्या ओळीखाली रेघ ओढली. "उद्या परत तुलाच विचारणार." विचारलंही. आदल्या रात्री कुणी न सांगता मी गणितं सोडवत बसलो होतो, तशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

शिक्षक-प्रशिक्षक
वरचा 'थांबणं' हा मुद्दा फार मोलाचा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते. तोच वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांबत, एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागत. आणि मागे पडलेल्या मुलांना उत्तरासाठी हुशार मुलांपेक्षा कमी वेळ मिळत होता! तास चित्रित करून दाखवला तर बहुतेक शिक्षकांना हे स्वतःच दिसतं, उपदेश करावा लागत नाही.

कायम पहिली येणारी
माझा अनुभव उलटा. ९६ मिळाले की "चार कुठे गेले?" अवघड विषय घ्यायची भीती बसली, कारण तिथे पहिली येईन याची खात्री नव्हती. नंबराची अपेक्षा आणि प्रयत्नाची अपेक्षा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक आई
माझ्या मुलीला डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अवघड जाणं) आहे. आधीच्या बाई मायाळू होत्या. "राहू दे बाळा, तू नको वाचूस" म्हणायच्या. वर्षभरात तिला वाचायला उठवलंच नाही, आणि ती मागेच राहिली. पुढच्या बाईंनी आदल्या दिवशीच उतारा घरी पाठवायला सुरुवात केली: "उद्या यातल्या पहिल्या दोन ओळी तुझ्या." दोनच ओळी, पण त्या तिच्या. आम्ही संध्याकाळी बोट ठेवून त्या पुन्हा पुन्हा वाचायचो. सहानुभूतीनं माझ्या मुलीचं जेवढं नुकसान केलं तेवढं रागावण्यानंही झालं नसतं, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

निवृत्त मुख्याध्यापक
शिक्षकांचा अंदाज पुष्कळदा खराही असतो, त्यांना सरसकट दोष देऊ नये. १९८४मध्ये रॉडेनबुश या अमेरिकन संशोधकाने रोझेन्थाल-जेकबसनसारखे प्रयोग एकत्र तपासले. शिक्षकांची मुलांशी २ आठवड्यांहून जास्त ओळख असेल, तर बाहेरून सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम जवळजवळ उरत नव्हता. म्हणून आमच्याकडे नियम होता: नव्या वर्गाची मागच्या वर्षीची प्रगतीपुस्तकं पहिले २ आठवडे माझ्या कपाटात. आरोग्याची आणि विशेष गरजांची माहिती तेवढी पहिल्याच दिवशी द्यायची. पहिलं लेखी काम तपासून झालं की वर्गशिक्षकांनी किल्ली मागायची.