काळ्या मातीचा श्वास आणि खाणींवरील जमीन

उपग्रहाच्या रडारवरून खाणींवरची जमीन किती खचली हे थेट कळते, त्यामुळे प्रत्यक्ष जमिनीवरच्या मोजणीची गरज उरलेली नाही, या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध मात्र नाही. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारलहरींची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर असल्याने त्याच्या दोन फेऱ्यांत जमिनीवरून परतलेल्या लहरींची तुलना करून काही मिलिमीटरचा फरकही टिपता येतो, हे खरेच विलक्षण आहे. परंतु नागपूर जिल्ह्यात सावनेर, कामठी या भागांतील भूमिगत कोळसा खाणींवर बऱ्याच ठिकाणी काळी कापसाची माती आहे, आणि ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. आमच्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये त्यांचा मागमूसही राहत नाही. म्हणून मे आणि सप्टेंबरच्या प्रतिमांची तुलना केल्यास मातीचे हे फुगणे खाणीमुळे होणाऱ्या खचण्याला झाकून टाकू शकते. तुलना एकाच ऋतूतील प्रतिमांची, तीही अनेक वर्षांची हवी. शिवाय खरिपात कपाशी वाढली की इतक्या आखूड लहरींचा संकेत विस्कळीत होतो. जुलै २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त रडार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटरच्या लहरी पिकातून अधिक चांगल्या आरपार जातात, तरी मातीचे फुगणे वेगळे काढण्यासाठी फुगणाऱ्या थराखाली खोलवर रोवलेले स्थिर खुणेचे दगड, म्हणजेच जमिनीवरची मोजणी, लागेलच.