मदत हवी आहे: बायबल अभ्यासातून मुलांना सेवा शिकवायला गेलो आणि मुलं तारे मोजायला लागली

दोघांची_आई

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमची मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. रात्री झोपण्याआधी वीसेक मिनिटं कुटुंब प्रार्थना असते. एक गीत, एक उतारा, त्यावर थोडं बोलणं आणि प्रार्थना. तीन महिन्यांपूर्वी आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की सध्या 'सेवा' हा एकच विषय धरायचा. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उतारशाळेत नेणारा चांगला शोमरोनी झाला, गरिबांसाठी कपडे शिवणारी टबीथा झाली, योहान १३ मधलं, येशूने शिष्यांचे पाय धुणंही झालं. गोष्टी दोघांना तोंडपाठ आहेत. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोनच नाणी दिली आणि बाकीचं परत आल्यावर देतो म्हणाला, हेसुद्धा मुलगी न चुकता सांगते.

पुढची चूक माझी. नुसतं ऐकून काय उपयोग, अंगवळणी पडायला हवं, म्हणून मी फ्रिजवर तक्ता लावला. कुणासाठी काही केलं की एक तारा. वीस तारे झाले की हवं ते बक्षीस. पहिले दोन आठवडे घर नुसतं चमकत होतं. मुलगी भांडी आवरायची, कपड्यांच्या घड्या घालायची, आजोबांचं अंथरूण घालायची. मुलाने एकदा आजोबांचा चष्मा शोधून दिला तर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या मंगळवारी आजोबांनी पाणी मागितलं. मुलगा ग्लास भरून निघाला, मध्येच थांबला आणि मला विचारलं, "याचा तारा देणार ना? काल पाण्याचा दिला नव्हतास." मी म्हटलं, पाण्याला कसला तारा! त्याने ग्लास तिथेच टेबलावर ठेवला आणि खेळायला निघून गेला. तिथून आजोबा चार पावलांवर बसले होते.

त्या रात्री मला प्रार्थनाच सुचेना. तक्ता काढून टाकू का? काढला तर जे थोडंफार चाललंय तेही बंद पडेल अशी भीती वाटते. आणि आता कोणते उतारे घेऊ? मुलगी परवा म्हणाली, "आई, सेवा पुरे झाली, आता दावीद आणि गल्याथ घे ना." अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

संडेस्कूलच्या_काकू

सलाम ताई. आधी जरा हसून घेते. तुमचा मुलगा शास्त्राला धरूनच बोलतोय! मत्तय १०:४२ काढून बघा. लहानांपैकी एकाला प्यालाभर गार पाणी पाजणारा आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही, असं प्रभूच म्हणाला आहे. त्यामुळे "पाण्याला कसला तारा" हे तुमचं वाक्य तेवढं मागे घ्या.

पण तक्ता काढा. मी बावीस वर्षं संडेस्कूल घेते आणि हे तारे, गुण, बिल्ले सगळं करून बसले आहे. मुलं वचनं पाठ करतात, बक्षीस वाटून झालं की पुढच्या रविवारी विसरतात. पाठांतरात ते एक वेळ खपतं, सेवेत मात्र गोची होते, कारण मुलाची नजर समोरच्या माणसावरून उठते आणि तक्त्यावर जाऊन बसते.

मत्तय २५:३१ पासून शेवटपर्यंत वाचा, पण या वेळी एकाच गोष्टीसाठी. न्यायाच्या वेळी राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. ते काय उत्तर देतात ते मुलांना शोधू द्या. ते चक्क विचारतात, "केव्हा?" त्यांच्या लक्षातही नाही. त्यांच्या घरी फ्रिजवर तक्ता असता तर त्यांनी तारखेनिशी सांगितलं असतं. मग मत्तय ६ च्या पहिल्या चार ओळी घ्या, डाव्या हाताला कळू नये ती. मुलांना गुपचूप काम करायला फार आवडतं. कुणासाठी तरी काहीतरी करायचं आणि सापडायचं नाही, हा खेळ त्यांना ताऱ्यांपेक्षा जास्त चढतो.

अभ्यासू_बाबा

काकूंच्या बोलण्याला वेगळ्या बाजूने पुस्ती जोडतो. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि मूल ती उचलून द्यायचं. काही मुलांना दर वेळी खेळणं मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढच्या टप्प्यात खेळणं मिळालेल्या मुलांनी बाकीच्यांपेक्षा कमी मदत केली. म्हणजे मदत करण्याची ओढ मुलांत आधीपासून असते आणि ती आपणच विकत घ्यायला जातो.

रोखठोक

इतकं मनाला लावून घेऊ नका. सात वर्षांचं पोर आहे. सवय लागेपर्यंत तारे दिले तर काय बिघडलं? दात घासायला लावतानाही आमिष दाखवतोच की.

अभ्यासू_बाबा

@रोखठोक, दातांना वाईट वाटत नाही. पाण्याची वाट बघत बसलेल्या आजोबांना वाटतं.

गच्चीवरचा_बाप

आमच्याकडेही हे रामायण झालंय (बायबल धाग्यात शब्द चुकला, पण भावना पोचल्या असतील). दोन उतारे सुचवतो, दोन्ही करून पाहिलेले.

पहिला उत्पत्ति २४. अब्राहामाचा सेवक रिबकेकडे फक्त स्वतःपुरतं घोटभर पाणी मागतो. ती म्हणते, तुमच्या उंटांनाही पाजते, त्यांचं पिऊन होईपर्यंत. उंट किती? दहा. आम्ही तिथेच थांबलो आणि हिशेब मांडला. चांगलाच तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. त्या दिवशी ते किती प्यायले ते शास्त्रात लिहिलेलं नाही, पण निम्मं धरलं तरी पाचशे लिटर. मुलांना दहा लिटरची बादली दिली आणि म्हटलं, न्हाणीघरापासून गच्चीपर्यंत एक बादली नेऊन दाखवा. थोरल्याने नेली, अर्धी जिन्यात सांडली. मग तो जिन्यातच बसून म्हणाला, "बाबा, अशा पन्नास?" त्या रात्री मला समजावून सांगायचं काही उरलंच नाही. तिला उंटांच्या मालकाचं नावसुद्धा माहीत नव्हतं, हे त्याचं त्यानेच शोधलं.

दुसरा मार्क १०:३५ ते ५२, आणि हा तुकडे न पाडता एका बैठकीत वाचा. आपण ४५वं वचन उचलतो, मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला ते, आणि भिंतीवर लावतो. पण त्याच्या आधी जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे येशूचे शिष्य येतात. येशू त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? ते मागतात मानाच्या जागा. त्या वचनानंतर आंधळा बार्तीमय येतो. त्यालाही येशू तोच प्रश्न विचारतो. तो म्हणतो, मला दिसावं. प्रश्न एकच, उत्तरं दोन, आणि मधोमध सेवेचं वचन. आंधळ्याला काय हवंय हे न विचारताही कळलं असतं, तरी येशूने विचारलं.

आमच्याकडे आता नियम एवढाच: मदत करण्याआधी विचारायचं, "तुझ्यासाठी काय करू?" आणि उत्तर आलं की तेच करायचं, आपल्याला सोयीचं वाटतं ते नव्हे. फार अवघड जातं. मलाच जातं.

जाता जाता पाय धुण्याबद्दल. आम्हीही टब आणि टॉवेल घेऊन बसलो होतो. धाकटी मोठ्या हौसेने सगळ्यांचे पाय धूत होती. मी तिचे धुवायला घेतले तर पाय पोटाशी ओढून बसली. "नको, तू नको धूस." अगदी पेत्रासारखी, त्या शिष्यानेही येशूला आधी नकोच म्हटलं होतं. मग कळलं की आम्ही सेवा करायला शिकवत होतो, करून घ्यायला शिकवलंच नव्हतं. आणि टबातलं पाणी गार होत असताना थोरल्याने विचारलं, "यहूदा तेव्हा तिथेच होता का?" पुस्तक उघडून पाहिलं. येशूला दगा देणारा हा शिष्य बाहेर जातो तिसाव्या वचनात, पाय धुऊन होतात बाराव्याच्या आत. म्हणजे त्याचेही धुतले. थोरला बराच वेळ काही बोलला नाही. वर्गातल्या ज्या मुलाशी त्याचं पटत नाही तो त्याच्या डोक्यात आला असणार, पण मी विचारलं नाही.

थोरली_लेक

ताई, राग मानू नका, पण तुमची पहिली पोस्ट पुन्हा वाचा. मुलगी भांडी आवरते, घड्या घालते, अंथरूण घालते. मुलाने एक चष्मा शोधला, टाळ्या वाजल्या. ती दावीद-गल्याथ का मागतेय हे मला तरी लगेच कळलं. मी अशाच घरातली थोरली. आमच्याकडे प्रार्थनेत मार्था-मरीया (मार्था येशूच्या पाहुणचारात राबते, बहीण मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते) वाचली जायची आणि आमेन झाल्यावर उठून स्वयंपाकघरात मीच जायची. भाऊ मरीयेसारखा बसून राहायचा, कुणाच्या पायाशी तेही माहीत नाही.

लूक १० मध्ये येशू मार्थेच्या कामाला नावं ठेवत नाही, ती फार दगदग करते, त्रासली आहे म्हणतो. तुमची मुलगी त्रासली आहे का, एकदा विचारा. पाय धुण्याची गोष्टही तिला उलटीकडून सांगा: त्या खोलीत जो गुरू होता, ज्याने हे काम करायची काहीच गरज नव्हती, तोच उठला. घरात ज्याला आयतं बसायची मुभा आहे त्याने आधी उठायचं. तुमच्या घरी तो कोण, हे तुम्हीच ठरवा. माझा अंदाज आहे की तो सात वर्षांचा आहे, आणि कदाचित अजून एक चाळिशीतलाही.

आणि "नाही" म्हणायचा हक्कही तिला शिकवा. अरामी सेनापती नामानाच्या घरातली ती लहान मुलगी धरून आणलेली होती, तरी धन्याचं भलं चिंतते. गोष्ट सुंदर आहे, पण ती सांगताना धरून आणणं चूकच होतं हेही सांगायला हवं, नाहीतर मुली भलतंच शिकतात.

दोघांची_आई

@थोरली_लेक, राग नाही आला. थोडा आला, मग गेला. तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. 'चाळिशीतला' वाचून ते काही बोलले नाहीत, पण रात्रीची भांडी त्यांनी घासली. तारा मागितला नाही.

तक्ता काल उतरवला. मुलांसमोरच उतरवला आणि सांगितलं की ही कल्पना माझी होती आणि ती चुकली. मुलगा रडला, त्याचे सतरा झाले होते. काकूंचं प्रतिफळाचं वचन दाखवलं तेव्हा म्हणाला, "मग ते कधी मिळणार?" मी म्हटलं, ते देवाकडे आहे. तो म्हणाला, देवाकडे तक्ता आहे का? इथे मला उत्तर सुचलं नाही, कुणाला सुचलं तर सांगा.

मुलीला एकटीला घेऊन बसले. आधी "काही नाही" म्हणाली. मग म्हणाली, "आजोबांचं अंथरूण मी घालेन, ते मला आवडतं. भांडी नको." एवढंच. तीन महिन्यांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मार्क १० आज वाचलं, अठराच्या अठरा वचनं. मुलाने लगेच बहिणीकडे जाऊन विचारलं, "तुझ्यासाठी काय करू?" ती म्हणाली, "माझ्या खोलीत येऊ नकोस." तो दारातून परत आला आणि तासभर खरंच गेला नाही. ही सेवा धरायची का, हे आता काकूंनीच सांगावं.

संडेस्कूलच्या_काकू

धरा ताई, धरा. सात वर्षांच्या भावाने तासभर बहिणीला एकटं सोडलं? पण टाळ्या वाजवू नका.