मदत हवी आहे : मक्यावर लष्करी अळी, कळवायचं कुणाला?
नमस्कार मंडळी. शिरूर तालुक्यात आमचा दीड एकर मका आहे, मी राहतो पुण्यात. रविवारी गेलो तर पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत) ओल्या भुशासारखी विष्ठा. अळी तळहातावर घेऊन पाहिली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. म्हणजे भारतात २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेली ती अमेरिकन लष्करी अळीच. (आई म्हणाली, "फोटो पुरे, औषध मार!")

कृषी विभागाचं क्रॉपसॅप (पिकांवरच्या कीड-रोगांवर नजर ठेवून सल्ला देण्याचा प्रकल्प) सर्वेक्षण निवडक शेतांवरच होतं ना? मग आमच्यासारख्यांनी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) फोटो पाठवला तर नोंद होते, की तालुक्याला अर्ज द्यावा लागतो? कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) अनुदानावर कुणाला मिळालेत का? दुकानदार तीन औषधं एकत्र मारा म्हणतोय, ते काही पटत नाही.