संरक्षण खर्चावर संसद नेमकं कुठे बोट ठेवू शकते?

प्रश्न — कोरडवाहू
वादविवाद स्पर्धेसाठी मुद्दे काढतोय. संरक्षणाच्या बजेटवर लोकसभेतली चर्चा शोधली, तर काही वर्षांत ती झालेलीच दिसत नाही. मग एवढा पैसा तपासतं कोण? आणि परदेशात सैन्य पाठवायचं किंवा लष्करी करार करायचे, तर संसदेची मंजुरी लागते का?

पानसुपारी
सभागृहात शोधलंत म्हणून सापडलं नाही. संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (खर्चाच्या मंजुरीसाठी लोकसभेपुढे येणारे प्रस्ताव) चार: क्र. १९ (नागरी), २० (सेना, महसुली म्हणजे पगार-देखभालीसारखा चालू खर्च), २१ (भांडवली म्हणजे शस्त्रखरेदीसारखा खर्च) आणि २२ (पेन्शन). २०२५-२६ ची एकूण तरतूद ६,८१,२१० कोटी. त्यात महसुली ३,११,७३२, भांडवली १,८०,०००, पेन्शन १,६०,७९५ आणि बाकी नागरी. 'बजेट वाढलं' या बातमीवर विसंबू नका, वाढ कुठल्या मागणीत झाली ते आधी बघा.

बजेटनंतर अधिवेशनाला सुट्टी असते, तेव्हा या मागण्या संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जातात. सदस्य ३१, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड. समितीचा अहवाल उघडलात की तीन आकडे शेजारी मांडा: सेनादलाने मागितले किती, मिळाले किती, खर्च झाले किती. सगळी गोम त्यात आहे.

२०१८ चा ४१ वा अहवाल नमुना म्हणून घ्या. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी तरतूद २१,३३८ कोटी, तर आधीच केलेल्या करारांचे त्या वर्षी द्यायचे हप्तेच २९,०३३ कोटी. नवी खरेदी सोडाच, जुनी देणीही भागत नव्हती. ६८ टक्के सामग्री कालबाह्य झाल्याची कबुली उपलष्करप्रमुखांनी समितीपुढे दिली, तीही याच अहवालात छापली आहे. आणि त्याच आठवड्यात लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चा न करता एकत्र मताला टाकून, एका झटक्यात मंजूर केल्या. चर्चा शून्य.

तिरफळ
वरच्यात भर. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, म्हणून मूळ अहवालापेक्षा 'कृती अहवाल' (शिफारशींवर सरकारने काय केलं याचा समितीचा अहवाल) जास्त बोलका. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. या अहवालात पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात मान्य शिफारशी असतात, तिसऱ्यात सरकारचं उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेले मुद्दे. चौथ्यात समितीला न पटलेली उत्तरं आणि पाचव्यात अंतरिम उत्तरं. थेट चौथं उघडा. 'बाब विचाराधीन आहे' हे वाक्य वर्षानुवर्षं पाचव्यात मुक्काम ठोकून असतं.

झालेल्या खर्चाचा हिशेब कॅग (महालेखापरीक्षक) आणि संसदेची लोकलेखा समिती बघतात. पण तिथेही पडदा आहेच. राफेल विमानांच्या खरेदीवरचा कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेच्या पटलावर आला, तेव्हा किमती झाकलेल्या होत्या. फक्त करार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला, एवढं कळलं.

पुण्या-नागपूरकरांसाठी जाता जाता: आयुध निर्माणींच्या १ ऑक्टोबर २०२१ ला सात सरकारी कंपन्या झाल्या. म्हणजे पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाचा किंवा नागपूरच्या यंत्र इंडियाचा कारभार शोधताना संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीचे अहवालही चाळा. जुन्या आणि नव्या वर्षांचे आकडे सरळ शेजारी ठेवू नका, लेखाशीर्षं (हिशेबातली खाती) बदललीत.

उंबरठा
परदेशाचं उत्तर छोटं आहे: मंजुरी लागत नाही. करार करणं हा कार्यकारी अधिकार. कराराच्या अंमलासाठी कायदा लागला तरच संविधानाच्या कलम २५३ खाली संसद मध्ये येते. अमेरिकेशी झालेले लेमोआ (रसद-पुरवठा, २०१६), कॉमकासा (सुरक्षित संपर्क, २०१८) आणि बेका (नकाशे-भूमाहिती, २०२०) हे तिन्ही लष्करी करार संसदेतल्या मतदानाशिवाय झाले. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली तीही तशीच. हजारावर जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली.

दबाव मात्र येतो. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या इराकवरच्या हल्ल्याविषयी संसदेच्या ठरावात 'निंदा' शब्द घालायचा की नाही यावरच खल झाला. जुलैत इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची मागणी सरकारने नाकारली, तेव्हा हा ठराव पाठीशी होता. ठरावामुळेच नकार दिला असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, पण नकार देणं सोपं झालं खास.

कोरडवाहू
आमच्या खासदारांमार्फत प्रश्न टाकायचा झाला तर?

तिरफळ
किमान १५ दिवस आधी सूचना, मजकूर १५० शब्दांच्या आत. तोंडी उत्तर हवं तर तारांकित, पण दिवसाला तसे २० च लागतात आणि क्रम सोडतीने ठरतो. आकडेच हवे असतील तर अतारांकित (लेखी उत्तराचा) बरा.

प्रश्न फसतो कुठे? 'दारूगोळा किती दिवस पुरेल?' असं विचारलंत की 'राष्ट्रहितास्तव माहिती देता येत नाही'. त्यापेक्षा असं लिहा (४०७६ म्हणजे संरक्षणाच्या भांडवली खर्चाचं खातं): 'मुख्य लेखाशीर्ष ४०७६ खाली गेल्या तीन वर्षांत नौदलासाठी अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च किती, रक्कम परत गेली असल्यास कारणे काय?' हे आकडे सरकार स्वतःच छापतं, त्यामुळे गुप्ततेची सबब चालत नाही. 'कारणे काय' तेवढं गाळू नका, नाहीतर नुसता तक्ता हातात येईल.